जठराग्नीचा पहारा

गेल्या वैशाखांत आमच्या घरीं पुतण्याच्या मुलाची मुंज झाली. एकत्र कुटुंब असल्यामुळें घरचींच माणसें एकोणीस, त्यांत पाहुण्यांची भर. विहिरीचें पाणी आटलेलें, म्हणून शेवटच्या दोन पंगतींना टँकरचें पाणी वापरावें लागलें. दुसऱ्या दिवशीं रात्रीं आमच्या थोरल्या बंधूंना जुलाब सुरू झाले व अंगांत ताप भरला. तिसऱ्या दिवशीं सकाळीं त्यांचे डोळे इतके खोल गेले कीं, त्यांना उचलूनच दवाखान्यांत न्यावें लागलें. पुढें चार दिवस ते सलाइनवर होते. नवल असें कीं, त्यांच्या पानाशेजारीं बसून तेंच अन्न व तेंच पाणी घेतलेल्या आम्हां इतरांना कांहीं झालें नाहीं. एका भाच्याचें पोट अर्धा दिवस बिघडलें, इतकेंच.

दवाखान्यांतील तरुण डॉक्टर हे आमचे जुने विद्यार्थी. त्यांनीं बंधूंना तपासलें आणि आम्हांला बाजूला घेऊन विचारलें, "गुरुजी, काका आम्लपित्ताची गोळी घेतात का?"

"रोज घेतात. सकाळीं अनशापोटीं एक."

"किती दिवस?"

"दोन वर्षें झालीं असतील."

"कोणीं सांगितली?"

ह्या प्रश्नाला आम्हांला सरळ उत्तर देतां येईना. दोन वर्षांपूर्वीं बंधूंच्या छातींत जळजळ होई, तेव्हां एका डॉक्टरांनीं चिठ्ठी लिहून दिली होती. ती पंधरा दिवसांची होती. पंधरा दिवसांनीं बरें वाटलें, म्हणून आणखी पंधरा दिवस घेतली. त्यानंतर चिठ्ठी कोठें गेली कोण जाणे, पण दर महिन्याला बाजारांतून येतांना दुकानदाराकडून गोळ्यांच्या पट्ट्या आणण्याचें काम मात्र आम्हीं नेमानें केलें.

डॉक्टर म्हणाले, "गोळीमुळेंच हें झालें असें मी म्हणणार नाहीं. पाणी वाईट असावें. पण पोटाच्या दाराशीं जो पहारेकरी असतो, त्याला आपण दोन वर्षें झोपवून ठेवलें होतें, एवढें खरें."

वहिनी दारापाशींच उभ्या होत्या. त्यांनीं हें ऐकलें. त्या एवढेंच म्हणाल्या, "भाऊजी, गोळ्या तुम्हीच आणीत होतां ना?" त्यांत राग नव्हता, पण तो प्रश्न आमच्या मनांतून अद्यापि गेलेला नाहीं. हा पहारेकरी कोण, तो काय करतो, आणि त्याला झोपविण्याचा अधिकार कोणाला, हें समजून घेण्यासाठीं आम्हीं त्यानंतर डॉक्टरांकडून कांहीं पुस्तकें आणून वाचलीं व जेथें अडलें तेथें त्यांनाच विचारलें. जें कळलें तें वाचकांपुढें ठेवीत आहों. गोळ्यांची पट्टी ज्या घरांत नाहीं असें घर आतां विरळाच.

'जठराग्नि' हा शब्द आम्हीं पस्तीस वर्षें वर्गांत शिकविला. गीतेच्या पंधराव्या अध्यायांत भगवंतांनीं प्राण्यांच्या देहांत राहून चतुर्विध अन्न पचविणाऱ्या वैश्वानराचें वर्णन केलें आहे, आणि अग्नि मंद झाला कीं रोग उत्पन्न होतात असें आपलें वैद्यशास्त्र सांगतें. हें वाचल्यावर 'आमच्या पूर्वजांना जंतुशास्त्र ठाऊकच होतें' असें म्हणण्याचा मोह होतो. तो मोह आवरावा हें बरें. पूर्वजांनीं पाहिलें तें असें कीं, ज्याचें पचन मंद तो वारंवार आजारी पडतो. रोगजंतूंचें आजचें शास्त्र त्यांना ठाऊक नव्हतें. निरीक्षण त्यांचें, कारणमीमांसा नंतरच्यांची. दोघांचें श्रेय दोघांना द्यावें.

ह्या कारणमीमांसेचा आरंभ इटलींतील स्पालान्झानी नांवाच्या एका धर्मगुरु-शास्त्रज्ञानें केला. अठराव्या शतकाच्या उत्तरार्धांत त्यानें कापडाच्या लहान पिशव्यांत अन्न भरून त्या स्वतः गिळल्या, आणि पशुपक्ष्यांच्या जठरांतील रस काढून त्यांत मांसाचे तुकडे ठेवून पाहिले. साध्या पाण्यांत ठेवलेलें मांस कुजे. जठररसांत ठेवलेलें मांस विरघळे, पण त्याला कुजट घाण येत नसे. जठररस अन्न नुसतें पचवीत नाहीं, तो सडण्याची क्रियाहि थांबवितो, ही गोष्ट ह्या गृहस्थाच्या ध्यानांत आली होती.

त्यानंतरची हकीकत मोठी विलक्षण आहे. ६ जून १८२२ रोजीं उत्तर अमेरिकेंतील मॅकिनॅक बेटावर अलेक्सिस सेंट मार्टिन नांवाच्या एका तरुण मजुराला चुकून बंदुकीचा बार लागला. विल्यम ब्यूमाँट ह्या लष्करी डॉक्टरांनीं त्याला वांचविलें; परंतु त्याच्या पोटाला पडलेलें भोंक कायमचें उघडें राहिलें. त्या भोंकांतून दोरीला बांधलेले अन्नाचे तुकडे आंत सोडून व रस बाहेर काढून ब्यूमाँटनीं पुढें अनेक वर्षें प्रयोग केले, आणि १८३३ सालीं २३८ प्रयोगांचा ग्रंथ प्रसिद्ध केला. तत्पूर्वीं १८२४ सालीं इंग्लंडांतील विल्यम प्राउट ह्यांनीं जठररसांतील आम्ल म्हणजे हायड्रोक्लोरिक अ‍ॅसिड होय, असें प्रसिद्ध केलें होतें. १८३६ सालीं जर्मनींतील थिओडोर श्वान ह्यांना त्याच रसांत प्रथिनें पचविणारें एक द्रव्य सांपडलें. त्यास त्यांनीं पेप्सिन हें नांव दिलें. अशा पाचकद्रव्यांना आपल्या शाळेच्या पुस्तकांतून आतां 'विकर' म्हणतात.

आतां पहारा कसा चालतो तें पाहूं. आंबटपणा मोजण्यासाठीं शास्त्रज्ञ पीएच नांवाचें माप वापरतात. शुद्ध पाण्याचा अंक ७. तेथून एकेक अंक खालीं उतरला कीं आंबटपणा दसपट वाढतो. लिंबाच्या रसाचा अंक २ च्या आसपास असतो. निरोगी माणसाच्या उपाशी जठरांत हा अंक साधारणतः १ ते ३ च्या दरम्यान असतो. म्हणजे आपल्या पोटांत लिंबाच्या तोडीचा, कित्येकदां त्याहून तीव्र, आंबट रस रोज दीड-दोन लिटर स्रवत असतो. दुधांत लिंबू पिळलें म्हणजे दूध फाटतें हें प्रत्येक गृहिणीला ठाऊक आहे. आम्लामुळें दुधांतील प्रथिनांची घडी मोडते, म्हणून तें फाटतें. जंतूंचें शरीरहि पुष्कळसें प्रथिनांचेंच. तीव्र आम्ल त्यांच्या पेशींत शिरलें कीं तेथील प्रथिनांची तीच गत होते आणि त्यांचे जीवनव्यापार बंद पडतात. अंक ३ च्या खालीं असला, तर अन्नपाण्याबरोबर आलेल्या पुष्कळ जातींच्या जंतूंचा सामान्यतः अर्ध्या तासाच्या आंत फडशा पडतो.

ह्या कामीं पेप्सिन आम्लाचा सहकारी होय. जठराच्या पेशी पेप्सिन तयार स्थितींत सोडीत नाहींत. तसें केलें तर तें त्या पेशींनाच पचवून टाकील. म्यानांत तलवार असावी तसें तें निरुपद्रवी रूपांत बाहेर येतें आणि आम्लाचा स्पर्श झाल्यावर त्यावरील आच्छादनाचा तुकडा गळून पडून तें कामाला लागतें. अंक २ च्या आसपास त्याचा जोर सर्वांत अधिक असतो. आंबटपणा कमी होत अंक ५-६ वर गेला कीं तें जवळजवळ निष्क्रिय होतें. आम्लानें जंतूंना दुबळें करावें अथवा मारावें, आणि पेप्सिननें त्यांच्या प्रथिनांचे तुकडे करून त्यांचें अन्न करून टाकावें, अशी ही वांटणी आहे. मुख्य संहार आम्लाचा. परंतु आम्ल हटविलें कीं पेप्सिनहि आपोआप लुळें पडतें, हें ध्यानांत ठेवण्यासारखें आहे.

मग हें आम्ल जठरालाच कसें जाळीत नाहीं? जठराच्या आंतल्या भिंतीवर बुळबुळीत श्लेष्म्याचा थर असतो आणि त्या थरांत पेशी स्वतःच एक क्षार सोडीत असतात. हा क्षार आपल्या स्वयंपाकघरांतील खाण्याच्या सोड्याच्याच जातीचा. भिंतीला लागून सोडा, मध्यें आम्ल, अशी ही निसर्गाची योजना आहे.

खाण्याच्या सोड्याचें नांव आलें म्हणून पुढील गोष्ट सांगतों. तीवरून पहाऱ्याचें महत्त्व जितकें स्पष्ट होतें तितकें दुसऱ्या कशावरून होत नाहीं. १८८४ सालीं रॉबर्ट कॉख हे जर्मन शास्त्रज्ञ कलकत्त्यास पटकीचा शोध करीत होते. रोग्यांच्या आंतड्यांत व तेथील एका तळ्याच्या पाण्यांत त्यांना स्वल्पविरामाच्या आकाराचे जंतु सांपडले. परंतु हे जंतु प्राण्यांना पाजले तर प्राणी आजारी पडेनात. पुढें कॉखनीं गिनीपिगांना आधीं सोड्याचें पाणी पाजून जठरांतील आम्ल मारलें, अफूच्या अर्कानें आंतड्यांची हालचाल मंद केली, आणि मग जंतु दिले. तेव्हां प्राणी मेले. इतके दिवस वाट अडवून बसलें होतें तें आम्लच.

कॉखचें म्हणणें न पटलेले म्युनिकचे माक्स फॉन पेटेनकोफर ह्यांनीं ७ ऑक्टोबर १८९२ रोजीं, वयाच्या त्र्याहत्तराव्या वर्षीं, पटकीच्या जंतूंनीं भरलेलें द्रावण सर्वांसमक्ष पिऊन टाकलें. 'तुमच्या पोटांतील आम्लानें जंतु मेले' असा आक्षेप कोणीं घेऊं नये म्हणून त्यांनीं आधीं सोडा घेतला होता. सुदैवानें त्यांना जुलाबापलीकडे कांहीं झालें नाहीं. त्यावरून 'केवळ जंतूंनीं पटकी होत नाहीं' हें जें अनुमान त्यांनीं काढलें तें पुढें चुकीचें ठरलें. पण सोडा घेण्यामागील त्यांचा विचार मात्र अचूक होता.

ह्याचा निकाल १९७० च्या सुमारास लागला. अमेरिकेंतील मेरिलंड विद्यापीठाच्या डॉक्टरांनीं स्वयंसेवकांना मोजून जंतु पाजले. सोडा न देतां पाजलेले कोट्यवधि जंतु रोग उत्पन्न करण्यास अपुरे पडत. तोच आधीं सोडा दिला, तर हजारों-लाखोंची मात्रा पुरेशी होई. त्याच सुमारास, १९७० सालीं, जेरुसलेम शहरांत पटकीची सांथ आली. तींत रोग्यांमध्यें पूर्वीं जठराचा भाग कापून काढलेल्या लोकांचें प्रमाण नजरेंत भरण्याइतकें होतें. ह्या रोगाचा जंतु आंतड्यांत जिवंत पोंचला तरच घात करतो, कारण तेथें तो एक विष सोडतो. तें विष कलकत्त्याच्या शंभुनाथ डे ह्यांनीं १९५९ सालीं दाखवून दिलें. जठर ओलांडण्यापूर्वींच जंतु मेला, तर विषाचा प्रश्नच उरत नाहीं.

आमच्या लहानपणीं घरांतील म्हातारीं माणसें पटकीच्या गोष्टी सांगत. एकाच विहिरीचें पाणी पिणाऱ्या एकाच वाड्यांतील एक जण दिवसांत जाई, आणि दुसऱ्याला कांहींच होत नसे. ह्याला ते दैव म्हणत. त्या दैवाचा सर्व नसला तरी एक भाग जठरांत होता, असें आतां म्हणतां येतें.

परंतु पहारेकरी आहे म्हणून दार उघडें टाकून झोपावें, असा ह्याचा अर्थ नव्हे. त्याला चुकवून जाणारे पुष्कळ आहेत. अन्न स्वतः आम्ल शोषून घेतें, त्यामुळें भरल्या पोटीं आंबटपणा कांहीं काळ उतरतो व घांसांत दडलेले जंतु निसटतात. हगवणीचा शिगेला नांवाचा जंतु आम्लाला दाद देत नाहीं. त्याचे दहा ते शंभर जीव पोटांत गेले तरी रोग होऊं शकतो. दूषित पाण्यांतून येणाऱ्या काविळीचे विषाणु व जंतांचीं अंडीं हींहि आम्लांतून सुखरूप पार होतात. रात्रभर उघड्यावर राहिलेल्या भातांत कांहीं जंतु असें विष करून ठेवतात कीं, तें पुन्हा तापवून जात नाहीं आणि पोटांतील आम्लानेंहि नष्ट होत नाहीं. लहान अर्भकांच्या जठरांत आंबटपणा कमी असतो. उतारवयांत कित्येकांचा तो पुन्हा कमी होतो. एकत्र कुटुंबांत हीं दोन्ही टोंकें एकाच छपराखालीं असतात. म्हणून पाणी उकळणें, हात धुणें, अन्न झांकणें हे नियम तरण्याताठ्यांच्या पोटावरून ठरवूं नयेत; पाळण्यांतील मुलाच्या व माजघरांतील आजीच्या पोटावरून ठरवावेत.

एका जंतूनें तर पहारेकऱ्याच्या खोलींतच बिऱ्हाड केलें आहे. ऑस्ट्रेलियांतील रॉबिन वॉरन व बॅरी मार्शल ह्यांनीं १९८२ सालीं तो प्रयोगशाळेंत वाढवून दाखविला. हेलिकोबॅक्टर पायलोरी हें त्याचें नांव. तो श्लेष्म्याच्या थरांत शिरतो आणि स्वतःच्या विकरानें अमोनिया तयार करून आपल्याभोंवतींचें आम्ल मारून टाकतो. म्हणजे कॉखनीं बाहेरून केली तीच युक्ति हा आंतून करतो. मार्शलनीं १९८४ सालीं हे जंतु स्वतः पिऊन जठराचा दाह ओढवून घेतला. जठरांतील व्रणांचें हा जंतु एक मोठें कारण आहे हें सिद्ध झाल्यावर दोघांना २००५ सालीं नोबेल पारितोषिक मिळालें. सततच्या जळजळीवर नुसत्या गोळ्या गिळीत बसण्यापेक्षां तपासणी करून घेणें कां बरें, हें ह्यावरून समजेल. हा जंतु असल्यास ठराविक दिवसांच्या औषधांनीं तो काढतां येतो.

आतां गोळ्यांविषयीं. आम्हांला त्यांची निंदा करावयाची नाहीं. एकेकाळीं जठराच्या व्रणावर पोट कापण्यापलीकडे फारसा उपाय नसे. सर जेम्स ब्लॅक ह्यांच्या संशोधनांतून निघालेलें सिमेटिडीन १९७६ सालीं इंग्लंडांत विक्रीस आलें, आणि त्याहून प्रभावी असें ओमेप्राझोल १९८८ सालीं युरोपांत आलें. ह्या औषधांनीं असंख्य लोकांची शस्त्रक्रिया टळली. ज्यांच्या व्रणांतून रक्त जातें, ज्यांना हृदयविकारासाठीं रोज अ‍ॅस्पिरिन घ्यावी लागते व ज्यांना त्यापासून रक्तस्रावाचें भय आहे, अशांना ही गोळी दीर्घकाळ लागूं शकते, आणि त्यांनीं ती आमचा लेख वाचून बंद करूं नये.

परंतु औषध प्रभावी आहे म्हणजे पहाराहि तितकाच मंदावतो. हीं औषधें दीर्घकाळ घेणाऱ्यांमध्यें सॅल्मोनेला, कँपिलोबॅक्टर इत्यादि जंतूंचे आंतड्यांचे विकार अधिक दिसतात, असें अनेक देशांतील पाहण्यांत आढळलें आहे. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनानें फेब्रुवारी २०१२ मध्यें क्लॉस्ट्रिडियम डिफिसिल ह्या जंतूच्या जुलाबांसंबंधीं अशीच सूचना दिली, आणि हें औषध कमींत कमी मात्रेंत व जरूर तितकेच दिवस घ्यावें असें सांगितलें. प्रत्येक रोग्याच्या आजाराचें कारण गोळीच असें ह्यावरून ठरत नाहीं. आमच्या डॉक्टरांनींहि तसें म्हटलें नव्हतें. पण 'घेतली तर काय बिघडतें' ह्या आपल्या ठरलेल्या वाक्याला ह्यापुढें जागा नाहीं. चिमूट-चिमूट सोडा पाण्यांत घालून दररोज पिणाऱ्यांनींहि कॉखचे गिनीपिग आठवावेत.

आणखी एक गोष्ट. दीर्घकाळ घेतलेली गोळी एकदम सोडली तर आम्ल पूर्वींपेक्षां जोरानें उसळतें, जळजळ वाढते, आणि रोगी 'मला गोळीवांचून चालतच नाहीं' असें समजून पुन्हा तिच्याकडे वळतो. म्हणून ती सोडावयाची तर डॉक्टरांच्या सल्ल्यानें. आणि काळें शौच, रक्ताची उलटी, गिळतांना अडथळा, अकारण वजन घटणें ह्यांपैकीं कांहीं दिसल्यास गोळीवर वेळ न काढतां तपासणीसच जावें.

आमचे बंधु आतां बरे आहेत. त्यांची गोळी डॉक्टरांनीं दोन महिन्यांत हळूहळू उतरविली. मधल्या दिवसांत त्यांना त्रास झाला, तो त्यांनीं सोसला. रात्रीचें जेवण आतां आठाच्या आंत होतें, जेवल्याबरोबर ते आडवे होत नाहींत, आणि पलंगाची उशाकडील बाजू वीतभर उंच केली आहे. जळजळ महिन्यांतून एखाद्या वेळीं होते, तेवढी ते चालवून घेतात.

घरांत एक नियम मात्र नवा झाला. कोणाचेंहि औषध आलें कीं, चिठ्ठीवर तें कोणत्या तारखेस संपवावयाचें ती तारीख तांबड्या शाईनें लिहून चिठ्ठी औषधांच्या कपाटाच्या दाराला आंतून डकवावयाची. हें काम वहिनींनीं आमच्याकडे दिलें आहे. पस्तीस वर्षें मुलांच्या वह्या तांबड्या शाईनें तपासल्या; ही तपासणी त्याहून जपून करतों.